शहाणे शेत, तहानलेले गाव

दिवाळीच्या अंकात पाण्याची रड कशाला, असे काही वाचक म्हणतील. फराळाचे ताट समोर आहे, मुलांच्या हातात फुलबाज्या आहेत, आणि हा मास्तर शेततळ्याचे गाऱ्हाणे घेऊन बसला! पण या विषयाला याहून योग्य महिना दुसरा नाही. आपण इकडे अभ्यंगस्नान करीत असतो त्याच दिवसांत राज्यातल्या कितीतरी गावांत विहिरींवरच्या मोटारी रात्रंदिवस चालू असतात, आणि पुढल्या उन्हाळ्यात ज्या आयाबहिणी हंडे घेऊन टँकरमागे धावणार आहेत त्यांचे पाणी आत्ताच उपसले जात असते. टंचाई दिसते चैत्र-वैशाखात; ती घडते आश्विन-कार्तिकात. म्हणून तिच्याविषयी बोलायचे ते आताच बोलले पाहिजे. वैशाखात बोलणे म्हणजे चोर गेल्यावर कुलूप शोधणे.

प्रथमच सांगून टाकतो की माझे भांडण शेतकऱ्याशी नाही. ते आहे एका गोंडस शब्दाशी, आणि त्या शब्दाच्या पांघरुणाखाली सार्वजनिक पैशाने चाललेल्या एका अविचाराशी.

तो शब्द असा. जागतिक अन्न व शेती संघटनेने २०१० साली हेग येथील परिषदेच्या निमित्ताने 'क्लायमेट-स्मार्ट' शेती हा प्रयोग प्रचारात आणला. आपल्याकडे कोणी तिला हवामान-अनुकूल शेती म्हणतात, कोणी हवामान-स्मार्ट शेती. मी घरगुती मराठीत तिला 'शहाणी शेती' म्हणतो. या शहाणपणाची तीन वचने आहेत. शेतीचे उत्पन्न वाढावे, लहरी हवामानाचा तडाखा सोसण्याचे बळ शेतीला यावे, आणि हवा तापविणारे वायू शक्य तेवढे कमी व्हावेत. वचने चांगली आहेत. हवामान बदलले नाही असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. २०१८ साली राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आणि त्याच मराठवाड्यात व सोलापुरात २०२५ च्या सप्टेंबरात असा पाऊस कोसळला की पिके तर गेलीच, शेतातली मातीही वाहून गेली. ज्या भूमीला एका दशकात पाण्याची आगगाडीही पाहावी लागते आणि महापूरही, तिथल्या शेतीला अधिक शहाणपण हवे यात वाद नाही.

शहाणपणाची खरी कामेही आहेत, आणि ती होत आहेत. जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने २०१८ पासून राज्यातल्या पंधरा जिल्ह्यांत, पाच हजारांवर खेड्यांत, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प चालला. त्यातले एक काम पाहा. सोयाबीन सपाट रानात न पेरता रुंद वरंब्यावर पेरायचे. पाऊस धोधो पडला तर जादा पाणी सरीतून निघून जाते, पीक सडत नाही. पावसाने ओढ दिली तर वरंब्यात ओल टिकते, पीक करपत नाही. अतिवृष्टी आणि अवर्षण या दोन्ही संकटांवर हा एकच साधा उतारा, आणि खर्च म्हणाल तर पेरणीच्या अवजाराचा. पिकाची फेरपालट करणे, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणे, काडीकचरा न जाळता रानातच कुजविणे, बांधाला झाडे लावणे, हीही त्याच जातीची कामे. त्यांचा एक गुण ध्यानात ठेवावा. एका शेतकऱ्याने ती केली म्हणून शेजाऱ्याचे काही जात नाही. उलट, वरच्या शेताचा बांध नीट राहिला तर खालच्या शेतावर माती लोटत नाही. शहाण्या शेतीची माझी कसोटी हीच आहे. माझे शेत सावरताना दुसऱ्याचे काही जाते काय, एवढाच प्रश्न विचारायचा.

आता याच कसोटीवर शेततळे घासून पाहू. २०१६ साली राज्याने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली. फळबागांच्या योजनांतून त्याआधीपासून सामूहिक शेततळ्यांना आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला अनुदान मिळत होते. हवामान-अनुकूल शेतीची यादी आली तेव्हा तिच्यातही शेततळ्याला मानाचे पान मिळाले. कल्पना मूळची नामी. पावसाळ्यात शेताच्या उताराने वाहून जाणारे पाणी शेताच्याच एका कोपऱ्यात अडवावे. मघा-पूर्वात पावसाने दडी मारली तर त्यातले एखादे पाणी पिकाला द्यावे. पूर्व विदर्भातल्या भातशेतीत बोड्या आहेत, मालगुजारी तलाव आहेत. त्यांचे तत्त्व हेच. आभाळातून पडलेले आणि वाहून जाणारे पाणी धरून ठेवणारा मनुष्य कोणाचे काहीच घेत नाही. असे तळे खणणाऱ्याला अनुदान तर द्यावेच, वर त्याचा नारळ देऊन सत्कारही करावा.

पण नगरपासून जालन्यापर्यंत आणि नाशिकपासून सांगोल्यापर्यंत फळबागांच्या मुलखात तुम्ही हिंडलात, तर तुम्हांला जी तळी दिसतील त्यांपैकी पुष्कळांना पाणी आत येण्याची वाटच नसते. ती उताराच्या खालच्या अंगाला नसून बहुधा शेताच्या उंच भागी असतात, म्हणजे तेथून पाणी आपसूक बागेत उतरते. चारी बाजूंनी मातीचे धिप्पाड बांध, आत काळा प्लॅस्टिकचा कागद, भोवती तारेचे कुंपण. अशा तळ्यात आभाळातून थेट पडेल तेवढाच पाऊस जमतो. बाकीचे पाणी येते नळीने, विहिरीतून नाही तर बोअरमधून! याला तळे म्हणणे म्हणजे पेवाला शेत म्हणण्यासारखे आहे. तळे पाणी गोळा करते. पेवात दुसरीकडे पिकलेले आणून ठेवतात. आणि हे पाणी 'पिकलेले' असते गावाच्या साऱ्या शिवाराखाली.

येथे खडकाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण सगळा घोटाळा खडकाच्या अज्ञानातून होतो. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. गंगेच्या खोऱ्यात गाळाचे शेकडो मीटर जाड थर आहेत आणि ते स्पंजासारखे पाणी पितात. आपल्या पाषाणाला ती सोय नाही. वरची माती, तिच्याखालचा मुरूम आणि खडकातल्या भेगा यांत जे मावेल तेच आपले भूजल. ही घागर लहान आहे. पावसाळ्यात ती भरते, हस्ताचा पाऊस पडून गेला की काठोकाठ असते, आणि मग कोणी हात लावला नाही तरी ती हळूहळू पाझरत राहते. त्या पाझरावर ओढे पौष-माघापर्यंत वाहतात, आडाला पाणी राहते, गुरांना डोहात पाणी मिळते. माझ्या आणि तुमच्या शेताच्या मध्ये बांध आहे, सात-बारा निराळा आहे. पण त्या मुरमाला सात-बारा वाचता येत नाही. तुमच्या विहिरीतले पाणी उपसले की माझ्या शेताखालचे पाणी तुमच्याकडे सरकते, एवढेच त्याला ठाऊक.

पूर्वी मोट होती. बैल दमत होते, माणूस दमत होता, आणि त्यांच्या दमण्यातच पाण्याचा कायदा होता. विजेची मोटार आली तेव्हा तो कायदा गेला, तरी एक मर्यादा शिल्लक होती. विहिरीतले पाणी पिकाला लागेल तेवढेच काढायचे, कारण काढून ठेवणार कोठे? या प्लॅस्टिकच्या तळ्याने ती अखेरची मर्यादाही मोडली. आता पिकाला गरज असो वा नसो, विहिरीत पाणी उतरले रे उतरले की ते वर काढून ठेवायचे. आश्विनात सुरू झालेला उपसा संक्रांतीपर्यंत चालतो. जे पाणी जमिनीखाली सर्वांचे होते ते जमिनीवर आले की एकाचे होते. या साऱ्या व्यवहारात पाण्याचा एक थेंबही नवा निर्माण झालेला नसतो. पाणी तेवढेच राहते, मालक मात्र बदलतो.

आम्हां शाळामास्तरांना हिशेबाची खोड असते, म्हणून थोडे गणित मांडतो. मुलांनी हवे तर दिवाळीच्या सुट्टीतला अभ्यास म्हणून ताडून पाहावे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे तळे घेऊ. बाजू उतरत्या असल्यामुळे तळाशी ते चोवीस मीटरच भरेल. त्यात पाणी मावते सुमारे बावीस लाख लिटर. आता केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी हे माप ठरविले आहे. हजार वस्तीच्या गावाला या मापाने दिवसाला ५५,००० लिटर लागतात. म्हणजे असे एक तळे हे त्या गावाचे चाळीस दिवसांचे पाणी झाले. दहा तळी झाली की ४०० दिवस झाले. वर्ष संपून वर महिनाभर उरले. आणि हे लहान तळे आहे. सामूहिक शेततळी याच्या कित्येक पट मोठी असतात.

गणिताचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे. मुरमातले पाणी उन्हाला दिसत नाही, तळ्यातले दिसते. मराठवाड्याच्या ऐन उन्हाळ्यात उघड्या पाण्याचा रोज आठ-दहा मिलिमीटरचा थर वाफ होऊन जातो. आठच धरू. तीस मीटर बाजूचे तळे भरलेले असेल तर रोजची वाफ होते ७,२०० लिटर. पाणी खाली जाईल तशी ती थोडी कमी होते, हे खरे. पण ५५ लिटरांनी या आकड्याला भागून पाहा. एकशे तीस माणसांचे रोजचे पाणी एक तळे रोज सूर्यनारायणाला अर्घ्य म्हणून देते! निसर्गाने पाणी सावलीत, खडकाच्या कुशीत ठेवले होते. आपण वीज जाळून ते उन्हात आणले, त्यासाठी प्लॅस्टिक अंथरले, आणि या उद्योगाला हवामान-अनुकूल असे नाव दिले. तीन वचनांपैकी तिसरे वचन वायू कमी करण्याचे होते ना? त्याचे काय झाले, ते ज्याने त्याने ठरवावे.

यावर जे आक्षेप येतात ते सारे मला तोंडपाठ आहेत, आणि ते पोकळ आहेत असेही मी म्हणणार नाही.

पहिला आक्षेप असा की या तळ्यांमुळेच दुष्काळात बागा वाचल्या. डाळिंब जगले, द्राक्षे परदेशी गेली, मोसंबीच्या झाडावर कुऱ्हाड चालवावी लागली नाही. खरे आहे. पाच-सात वर्षे लेकरासारखी वाढविलेली बाग डोळ्यांदेखत वाळताना पाहणे काय असते, हे शहरात बसून कळायचे नाही. त्या माणसाने तळे केले, त्याला मी दोष देत नाही. आपण नाही उपसले तर शेजारी उपसणार, हे त्याला पक्के ठाऊक आहे. मग तो मागे का राहील? पण म्हणूनच सरकारने या शर्यतीत पैसा ओतता कामा नये. विमा ज्याचा त्याने उतरवावा, हप्ता ज्याचा त्याने भरावा. इथे विमा आहे बागवाल्याचा आणि हप्ता भरते ती गावकुसाकडची बाई, जिच्या नावावर ना बाग, ना विहीर. शिवाय हा विमा बागवाल्यालाही कायमचा पुरत नाही. गावात दोन तळी आहेत तोवर दोघांची चैन आहे. चाळीस झाली की चाळीसही जण कार्तिकात एकाच घागरीत नळ्या सोडून बसतात. मग विहीर तळे भरीनाशी होते, म्हणून बोअर. ते आटते, म्हणून आणखी खोल बोअर. आणि शेवटी विकतचा टँकर आणून तळे भरायचे! ज्या वर्षी पाऊस चांगला त्या वर्षी तळे भरते, पण तेव्हा त्याची गरज बेताची. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी गरज मोठी, आणि विहीर कोरडी. संकटाला पुरायचे म्हणून केलेली वस्तू संकटाच्याच वेळी दगा देते, तिला शहाणपण कोणी म्हणावे?

दुसरा आक्षेप ठिबकवाल्यांचा. ते म्हणतात, तळ्यातले पाणी ठिबकने दिले की निम्म्या पाण्यात काम होते, मग बचतच नाही का? शेतापुरते पाहिले तर होते. पण वाचलेले पाणी जाते कोठे ते पाहा. दोन एकर बागेचे पाणी वाचले की तिसरा आणि चौथा एकर बागेखाली येतो. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावर एक पुस्तक लिहिले. वाफेचे यंत्र सुधारून कमी कोळशात चालू लागले तेव्हा इंग्लंडात कोळसा वाचला नाही. यंत्रे वाढली आणि कोळसा पूर्वीपेक्षा अधिक जळू लागला, असे त्याने त्यात दाखविले. ठिबकच्या नळीलाही तोच न्याय. ठिबक वाईट नाही. पण गावाने एकूण किती उपसायचे याची रेघ ओढलेली नसेल, तर ठिबकने वाचविलेला प्रत्येक थेंब नव्या लागवडीकडेच जाणार.

तिसरे येतात ते सूर्याचे भक्त. सौर पंप बसवा, विजेचा प्रश्न मिटला, धूर नाही, वायू नाही! २०२४ साली राज्याने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' देऊ केला, आणि त्याच साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली वीजही फुकट झाली. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा एक भार उतरला, याचा मला आनंद आहे. पण पाणी उपसण्याचा खर्च शून्यावर आला की उपसा थांबविणारी कोणती गोष्ट उरते? फक्त एकच, आटलेली विहीर. मागेल त्याला तळे, मागेल त्याला पंप. मात्र मागेल त्याला पाणी असे कोणत्याही सरकारला म्हणता येत नाही, कारण ते मंत्रालयात तयार होत नाही.

कोणी असेही विचारील की तळ्यांच्या मागे लागलात, उसाला का सोडलेत? सोडलेले नाही. जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस राज्याच्या सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच लिहून ठेवले आहे. आपल्या ताटातल्या करंजीलाही त्या पापाचा वाटा आहे. पण उसाला अजून कोणी शहाणे म्हणून हार घातलेला नाही. तो उघडपणे तहानलेला आहे. तळ्याच्या गळ्यात मात्र शहाणपणाचा बिल्ला आहे, म्हणून आज त्याच्याविषयी बोललो.

मग कायदा नाही का? आहे, आणि त्यात भानगडही आहे. इंग्रजी अमदानीतल्या १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यापासून अशी समजूत चालत आली की ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. नदीच्या पाण्याला वाटेकरी मान्य, भूजलाला नाहीत. त्या समजुतीला पहिला चाप महाराष्ट्राने १९९३ साली लावला, गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ नवी विहीर खणायला बंदी करून. पुढे २००९ चा भूजल कायदा झाला, तो २०१४ पासून अमलात आला. पाणलोटवार समित्या नेमाव्यात, भूजल किती आहे ते पाहून पिकांचा आराखडा करावा, साठ मीटरहून खोल विहिरींना आवर घालावा, अशा तरतुदी त्यात आहेत. वाचताना हुरूप येतो. मग शिवारात जाऊन बोअरच्या गाड्या पाहाव्यात. त्यांचे ड्रायव्हर हा कायदा वाचून आले आहेत असे काही दिसत नाही. एका हाताने खोल उपशाला बंदी करायची आणि दुसऱ्या हाताने त्या उपशाची टाकी बांधायला अनुदान द्यायचे, असा हा कारभार आहे. दोन्ही हात एकाच सरकारचे.

हे सारे अशक्यप्राय आहे, गावकरी कधी ऐकतात का, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे देतो. ती परदेशची नाहीत, आपल्याच मातीतली आहेत.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे एक इंजिनियर, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. तिथल्या देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली, बांध घातले, पाणी अडविले, मुरविले. पण त्यांचे खरे मोठेपण माती-दगडाच्या कामात नव्हते. ते पाणी पंचायतीच्या नियमांत होते. पाणी जमिनीच्या मापाने मिळायचे नाही, माणसांच्या मापाने मिळायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंबात माणसे कितीही असोत, अडीच एकरांपुढे नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी, एकही परदेशी शब्द न वापरता, त्या उजाड माळावर शहाण्या शेतीची घटना लिहिली गेली होती.

दुसरे गाव नगर तालुक्यातले हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, डोंगरावर चर खणले. हे पुष्कळ गावांनी केले आहे. पण हिवरे बाजारने पुढचा अवघड नियमही केला: शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पाऊस किती पडला याचे माप काढतात, माणसे आणि गुरे यांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवतात, आणि उरले त्यावर ग्रामसभा ठरविते की रब्बीत काय पेरायचे. पाऊस कमी तर पेरा कमी. रुसवेफुगवे होत नसतील असे नाही. पण मर्यादा सर्वांना सारखी असली की ती सोसवते. आपण एकटेच मूर्ख ठरत आहोत ही भावना माणसाला सोसवत नाही.

न्यायाने सांगायचे तर संजीवनी प्रकल्पातही गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची सोय झाली. त्याच्या गणितासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ची मदत घेतली गेली. ही उत्तम गोष्ट. परंतु मी वर्षानुवर्षे शाळेत गुणपत्रके लिहीत आलो आहे, त्यावरून सांगतो. गुणपत्रक लिहिल्याने मुलगा पास होत नाही. ताळेबंदात तूट निघाली तर कोणाची मोटार थांबणार, हे ज्या ताळेबंदात लिहिलेले नाही ते नुसते गुणपत्रक आहे. भिंतीवर लावावे आणि पुढल्या वर्षी त्यावर दुसरे चिकटवावे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या तळ्याला उताराचे पाणी आत येण्याची वाट आहे त्यालाच सार्वजनिक पैसा मिळावा. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याची टाकी बांधायला एक रुपयाही मिळू नये. पाऊस संपला की दसऱ्याच्या आत ग्रामसभेपुढे पाण्याचा हिशेब वाचला जावा, त्यातून पिण्याचे पाणी आधी राखले जावे, आणि मग पिके ठरावीत. सौर पंप आणि ठिबक यांचे अनुदान अशा ठरावाला बांधलेले असावे. ज्या गावाने मर्यादा मान्य केली त्या गावातल्या शेतकऱ्याला ज्वारी, तूर, हरभरा पिकवून परवडेल असा भाव आणि खरेदीची हमी मिळावी. नाही तर त्याने बागेचा नाद का सोडावा? आणि शेवटची मागणी ही की शहाण्या शेतीची परीक्षा तळी मोजून होऊ नये. वैशाखात गावाच्या आडात किती हात पाणी आहे, ते मोजावे. ज्या गावात शेते शहाणी झाली आणि आड कोरडा पडला, ते गाव नापास.

वाचकहो, पाडव्याच्या दिवशी घरोघर बळीची पूजा होते, त्याचे राज्य येवो असे म्हणतात. कथा सर्वांना माहीत आहे. वामनाने तीन पावलांत त्याचे सारे घेतले, पण निदान पाताळ त्याच्याकडे ठेवले. आपण त्याच्या नावाने योजना काढतो, त्याला राजा म्हणतो, आणि नळी सोडतो ती नेमकी पाताळात. तेवढे तरी त्याचे त्याला राहू द्यावे.